खिळ्यावर न परतलेला बिल्ला

मित्रांनो, मी आहे एक जुना पितळी बिल्ला, नंबर चारशे सतरा. हसू नका. आज मी काळवंडलोय, पण एके काळी माझ्याशिवाय अणदूरच्या बिरूला कोळशाच्या खाणीत पाऊल टाकता येत नव्हतं.

माझा जन्म चंद्रपूरकडच्या काळीटेकडीचा, तिथल्या खाणीच्या वर्कशॉपातला. खाणीच्या तोंडाशी खिळ्यांची एक फळी होती. खाली उतरताना गड्यानं आपला बिल्ला खिशात टाकायचा, वर आला की पुन्हा खिळ्यावर अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून खाली. एवढा साधा कायदा! काळीटेकडीत घरांच्या रांगा होत्या, शाळा होती, कडेनं वाहणारा नाला होता, आपल्या धाराशिवकडच्या लोकांनी बांधलेलं खंडोबाचं एवढंसं देऊळही होतं. बिरू आणि तामलवाडीचा धोंडीबा तिथं एका ताटात जेवायचे.

एका वर्षी बिरूला खंडोबाच्या जत्रेसाठी गावी यायचं होतं. पाळी संपली, गाडीची वेळ झाली. धोंडीबा मागून येत होता. बिरू वर आला आणि थेट स्टेशनकडे पळत सुटला, मला खिशात घेऊनच. मी काय करणार? मला का तोंड आहे ओरडायला!

धोंडीबा वर आला तर माझा खिळा रिकामा. बिरू खालीच अडकला, असं समजून तो उलट्या पावली खाली गेला. तेवढ्यात खाणीचं छत कोसळलं आणि धोंडीबा गेला.

आठ दिवसांनी बिरू परतला तेव्हा जो तो सांगत होता, धोंडीबा पिऊन पुन्हा खाली उतरला म्हणे. चौकशीच्या कागदातही तेच आलं. तो का उतरला, हे एकट्या बिरूला उमगलं. पण त्यानं तोंडाला कुलूप लावलं. बिल्ला हरवला असं सांगून नवा घेतला आणि मला ट्रंकेच्या तळाशी कोंबलं. खरं सांगतो, मला त्याचा लई राग आला होता. अजून गेलेला नाही.

पुढं तिथं वरून जमीन उकरत जाणारी उघडी खाण सुरू झाली. तिनं घरं गिळली, शाळा गिळली, देऊळही गिळलं. लोक चार दिशांना पांगले आणि बिरू पेन्शनीत निघून अणदूरला आला.

परवा त्याच्या नातीनं, अक्षदानं, मोबाईलच्या नकाशावर काळीटेकडी शोधली. "आजोबा, इथं तर नुसता पाण्याचा खड्डा हाय की!"

बिरूआजोबांनी ट्रंक उघडून मला बाहेर काढलं आणि अक्षदाला म्हणाले, "तामलवाडीला चल."

तिथं धोंडीबाची बायको गजराबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. आजोबांनी मला तिच्या हातात ठेवलं. "वैनी, धोंडीबा प्यालेला न्हवता. म्या बिल्ला खिळ्यावर लावला न्हाय, म्हणून मला हुडकायला गेला त्यो."

गजराबाईच्या हातातल्या शेंगा सांडल्या. "चाळीस वर्सं गप बसलात, भावजी? पोरास्नी म्या सांगितलं, बाप दारूपायी मेला म्हणून. तिथल्या नाल्याकाठी त्यांना जाळलं, तवा राखंला शिव्या घातल्या म्या!"

आजोबा पाया पडायला वाकले. तिनं पाय मागं घेतले आणि हमसून रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मला तिथं न्या. त्या नाल्यापाशी. एकदा त्यांना सांगून येते, चुकलं माझं म्हणून."

अक्षदानं मोबाईलवरचा तो पाण्याचा खड्डा तिच्यापुढं धरला.

मित्रांनो, मला चिंच लावून घासू नका, कपाटात मांडू नका, मला त्याची हौस नाही. एवढंच करा, कुणाचं खरं पोटात दाबून ठेवलं असेल तर ते वेळेवर सांगून टाका. माणसं थांबतील, पण जागा थांबत नाहीत हो.

गजराबाईनं मला मुठीत घट्ट धरलं होतं. दुसऱ्या हाताचं बोट ती त्या निळ्या पाण्यावरून फिरवत होती आणि पुन्हापुन्हा विचारत होती, "ह्यात नाला कुठं हाय गं, बाई?"