बाहुली मोठी होईपर्यंत

माझ्या हुद्द्याला नाव भारदस्त आहे, नेत्रतंत्रज्ञ सहायक. काम मात्र एकच, लोकांच्या डोळ्यांत थेंब टाकायचे आणि त्यांना जागेवर बसवून ठेवायचं. मशीनवरची कामं सीनिअर करते, डोळ्याच्या आत काय आहे ते डॉक्टर मॅडम बघतात आणि मी भिंतीकडेच्या खुर्च्यांपुढून हातात बाटली घेऊन येरझाऱ्या घालते. पेशंट मला थेंबवाली म्हणतात. आईने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकलीस आणि शेवटी लोकांच्या डोळ्यांत पाणी आणायचं काम मिळालं होय तुला?" मी तिच्याशी भांडले, पण तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

थेंब टाकले की डोळ्याची बाहुली, म्हणजे मधलं काळं छिद्र, हळूहळू मोठी होते. ती मोठी झाल्याशिवाय मॅडमना आतलं नीट दिसत नाही. एक थेंब टाकायचा, थांबायचं, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक फेरीला पापणी वर करून टॉर्च मारायचा. साधी बाहुली उजेड पडला की आकसते. ती आकसायची बंद झाली की पेशंट तयार, आणि मी आत आवाज देते, "एक तयार!" रांग तुंबली की मॅडमच्या कपाळाला आठ्या पडतात. माझी नोकरी अजून कच्ची आहे, तेव्हा त्या आठ्यांना मी फार घाबरते.

थेंब चुरचुरतात म्हणून सगळे डोळे मिटून, मान मागे टाकून बसतात. निम्मे तर चक्क झोपतात. दुपारी त्या खोलीत कुणी नवखा आला तर त्याला वाटेल, इथे माणसं विसरून गेलं आहे कुणीतरी.

त्या दिवशी आजी-आजोबा आले ते एकमेकांना धरून. आजोबा जुने रंगारी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवलेले. आजीचे दोन्ही डोळे, आमच्याकडे वर्षानुवर्षं येऊनही, काचबिंदूने कधीच नेले होते, तिला दिवस की रात्र एवढंही कळत नसे. आता आजोबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. "माझ्या या डोळ्याला कुणीतरी चुना मारून गेलंय," ते मला म्हणाले. "आणि तोही जाड. माझ्या हाताखाली असता तर हाकललाच असता त्याला."

मी हसले. आजी हसली नाही. तिने माझ्या हाताचा अंदाज घेत मनगट धरलं. "पोरी, मॅडमना सांग, आज तारीख द्या म्हणावं ऑपरेशनची."

"देतील की. एवढी घाई का?"

"मुलगा म्हणतो, तुला दिसत नाही, बाबांना नीट दिसत नाही, दोघं मिळून एक दिवस घर जाळाल. परवा ह्यांनी गॅस पेटवला आणि दुधाचं पातेलं ठेवलं शेजारी ओट्यावर. तेवढ्यात तो आला नेमका."

"दूध नासलं नाही, हे कुणी बोलत नाही," आजोबा म्हणाले.

"मला तो त्याच्याकडे नेणार आणि ह्यांना लेक तिच्याकडे. तिचं गाव कुठल्या कुठे." आजीचा आवाज एकदम खाली आला. "ह्यांचा डोळा झाला तर राहू देईन म्हणालाय, आहोत तिथे."

म्हणजे तो डोळा एकट्या आजोबांचा नव्हताच. मी मॅडमकडे जाऊन दोन शब्द जास्तीचे बोलून आले, जे मी कुणासाठी करत नाही. मॅडम म्हणाल्या, बाहुली नीट मोठी करून आण, पडदा चांगला असला तर पुढच्याच आठवड्यात घेऊ. हे सांगितल्यावर आजीचा जीव भांड्यात पडला.

मी बाटली उघडली तर आजोबांनी हात आडवा धरला. "डाव्यात नको ग टाकू. हिला घरी न्यायचंय. मुलगा येतो म्हणालाय न्यायला, पण त्याचं येणं म्हणजे आलं तर आलं. दोन्ही डोळे अंधुक केलेस तर आम्हाला रस्ता कोण ओलांडून देणार?"

मॅडमनी एका डोळ्याला होकार दिला. चूक होऊ नये म्हणून मी त्यांच्या उजव्या भुवईवर पांढरी पट्टी चिकटवली.

"पार्सल केलंस का माझं?" ते म्हणाले.

पहिला थेंब पडला तसे ते असे दचकले की खुर्ची भिंतीवर आपटली. आजी म्हणाली, "घाबरट आहेत. उंच शिडीवर चढायचे, पण एवढ्याशा पाण्याला भितात." आजोबांनी डोळे मिटून मान मागे टाकली. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि बोलत राहिली. शेजारीण, नळाचं पाणी, डोळा झाल्यावर आधी स्वयंपाकघराच्या भिंतीला रंग काढायचा, असलं काहीबाही. मी पुढच्या खुर्चीकडे सरकले.

दुसऱ्या फेरीपर्यंत रांग दाराला टेकली होती. एक शिंपी होता, त्याने माझ्या नाकी नऊ आणले. डोळा उघडेना, थेंब गालावर, वर मलाच चार शब्द सुनावले. चिडूनच मी आजोबांकडे आले. उजवी पापणी वर केली, टॉर्च मारला. बाहुली मोठीच्या मोठी. जराही आकसली नाही. म्हाताऱ्या माणसांना वेळ लागतो, कधी कधी चार-चार थेंब टाकावे लागतात, आणि इथे एकातच काम झालेलं. मला बरं वाटलं. तरी नियम म्हणून दुसरा थेंब टाकला. तो गालावर ओघळला, मी कापसाने टिपला. ते हलले नाहीत.

"बघा जरा," मी शिंप्याला म्हणाले, "आजोबांकडून शिका. कसे गुपचूप बसलेत."

"जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखे वागतायत," आजी म्हणाली. तिचा हात त्यांच्या हातावर होता.

तिसऱ्या फेरीला मी पापणी उचलली, टॉर्च मारला आणि आत आवाज दिला, "एक तयार!"

"आण," मॅडम म्हणाल्या.

मी आजोबांचा दंड धरला. "चला आजोबा, नंबर लागला." दंड हाताला जड लागला, आणि मान मागून घसरून खांद्यावर आली. झोप गाढ असेल म्हणून मी हलवलं, कानाशी हाक मारली. मग का कोण जाणे, मी डावी पापणी वर केली.

डावी बाहुलीही मोठी होती. टॉर्च जवळ नेला तरी तशीच. त्या डोळ्यात मी थेंब टाकलाच नव्हता.

माणूस गेला की बाहुली अशीच मोठी होते आणि उजेडाला दाद देत नाही. दुसऱ्या कुठल्याही खोलीत असा डोळा बघून माणूस किंचाळला असता. इथे तोच डोळा बघून मी खूश झाले होते, आत वर्दी दिली होती, दुसऱ्याला त्याचं उदाहरण दिलं होतं. मला माझी इतकी किळस आली की बाटली हातातून फेकून द्यावीशी वाटली.

मॅडम धावत आल्या. चाकाच्या खुर्चीतून आजोबांना आतल्या खोलीत नेलं, कॉटवर घेतलं. छातीवर दाब देताना मॅडमचा श्वास बाहेर ऐकू येत होता. सीनिअर फोनवर अँब्युलन्सला पत्ता सांगत होती. मधेच मॅडम दाराशी आल्या, घामाने भिजलेल्या, आणि मला हळूच म्हणाल्या, "संपलंय. मुलाला बोलावलंय. तो आला की सांगू. तोवर तू आजींजवळ बस आणि तोंड उघडू नकोस."

मी आजोबांच्या खुर्चीवर बसले.

"तपासायला नेलं का?" आजीने विचारलं.

"हो."

"घाईने नेलं. काही वाईट तर नाही ना निघालं डोळ्यात?"

"नाही. डोळ्यात काही वाईट नाही," मी म्हणाले. हे खरंच होतं.

तिने चाचपडत माझा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. समोरचा शिंपी आता डोळे उघडून बघत होता, पण त्यालाही सगळं धूसर दिसत असणार. आजी म्हणाली, "दुसऱ्या थेंबाला ते दचकले नाहीत ग. मला वाटलं, झोप लागली."

मॅडमनी काय बजावलं होतं ते मला ठाऊक होतं. पण ती माझ्याकडे तोंड करून बसली होती, आणि मूग गिळून बसणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

"आजी, आजोबा गेले."

ती रडली नाही. मग म्हणाली, "मग मी इतका वेळ कुणाशी बोलत होते?"

मी तिला आत नेलं. मॅडमनी माझ्याकडे रागाने बघितलं, पण स्टूल पुढे सरकवलं. आजीने आजोबांचं कपाळ, नाक, हनुवटी हाताने बघितली. गालाशी तिची बोटं थांबली. "ओलं आहे. रडले का?"

"नाही. माझा थेंब आहे तो."

"हं," ती म्हणाली, आणि पदराने गाल पुसला. थोड्या वेळाने तिने मला जवळ ओढलं. "मुलगा आला की मला आधी घरी पोचवेल. बाकीचं मी बघतो म्हणेल. वाईट नाही तो. पण मला विचारायची त्याला सवयच नाही. एकदा इथून उठले की ह्यांच्याजवळ बसणं संपलं. माझ्या डोळ्यात थेंब टाक."

"आजी, तुमच्या डोळ्यांना आता थेंबाने काय..."

"मला कळतं ते. माझं तो ऐकत नाही, दवाखान्याचं ऐकतो."

औषधाची बाटली मी खाली ठेवली. कपाटातून कोरड्या डोळ्यांसाठी देतात ती साध्या थेंबांची बाटली घेतली. तिची पापणी उचलली, थेंब सोडला. तीही दचकली, आणि तेवढ्यात मुलगा दारातून आत आला.

शर्टाची बाही कामाच्या तेलाने काळी झालेली. तो कॉटच्या पायाशी उभा राहिला, तोंडावर हात दाबून रडला, आणि लवकरच थांबला. डोळे पुसून म्हणाला, "आई, ऊठ. तुला आधी घरी सोडतो. बाबांचं मी बघतो."

"आजींच्या डोळ्यात थेंब टाकलेत," मी म्हणाले. "अर्धा तास उठवता येणार नाही."

"आत्ता? थेंब?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "अहो, तिला दिसतं तरी काय?"

"मॅडमनी सांगितलंय."

मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या, हे मला बोलून झाल्यावर कळलं. नोकरी गेली, असं मी मनाशी म्हटलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिची काडीचीही पर्वा वाटली नाही. मॅडमनी माझ्या हातातली साधी बाटली बघितली. आजीकडे बघितलं. मग मुलाला म्हणाल्या, "बसा बाहेर. बाहुली मोठी होऊ दे."

तो बाहेर जाऊन रांगेत बसला. लोकांनी थोडं सरकून त्याला जागा दिली. तो फोनवर बोलत होता ते आत ऐकू येत होतं. बहिणीला सांगत होता, लगेच निघ. मग म्हणाला, हो, आईला माझ्याकडेच, आजच नेतो, तिच्या घराला कुलूप लावून टाकू. आजीने तेही ऐकलं असणार. तिने मान वळवली नाही. आजोबांच्या कानाशी वाकून ती काहीतरी बोलत होती आणि या वेळी मी ते ऐकायचा प्रयत्न केला नाही. रांगेत एक फेरी मारून आले की मी तिच्या डोळ्यात एक थेंब टाकत होते. ती दर वेळी दचकायची आणि पुन्हा बोलू लागायची.

गाडी आली. गाडीबरोबरच्या दोघांनी आजोबांना स्ट्रेचरवर घेतलं. कुणी सांगायच्या आधीच आजीने हात सोडला. स्ट्रेचर गेल्यावर ती स्टुलावरून उठली आणि तशीच उभी राहिली. मुलगा तिची पिशवी घेऊन शेजारी होता.

इतकी वर्षं ती या दवाखान्यात येत होती, पण दर वेळी आजोबांचा हात धरून.

"थेंबवाली," तिने मला विचारलं, "दार कुठल्या बाजूला आहे ग?"