एक जादा

“बाई, तेवडं एक काम करा. रुतुजाला नापास करा.”

मी प्रगतिपत्रकांवर सह्या करत होते. एप्रिल संपत आला होता. डोक्यावरचा पंखा वारा सोडून बाकी सगळं करत होता. मान वर केली, तर दारात धुळाप्पा उभे. चपला उंबऱ्याबाहेर, काठी भिंतीला टेकवलेली, तांबडं मुंडासं नीट आवळलेलं. हातात फडक्यात बांधलेली कडक भाकऱ्यांची चवड आणि वर शेंगाचटणीची पुडी. वर्षभर हा माणूस माझ्या पहिलीच्या वर्गाच्या खिडकीबाहेर बसला होता. पण उंबरा ओलांडून आत आला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

“काय म्हणालात?”

“नापास. नात कच्ची हाय. अजून एक वरीस पैलीतच ऱ्हाऊ द्या.”

“धुळाप्पा, ऋतुजा वर्गात सगळ्यांच्या पुढं आहे.”

“वाचती चांगलं. पर हिशोबात गंडती. काल म्हनली, धा मेंढ्यांतली दोन गेली की आट ऱ्हात्यात.”

“बरोबर आहे की!”

“कुटलं बरुबर? दोन गेली, तर कुटं गेली त्ये बगायला नगं? माघारी आनायला नगं? पोरीनं इचारलं बी न्हाय. आट म्हनली आन् गप बसली.”

मला हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा बघून मी पदर तोंडाला लावला. म्हटलं, “अहो, मनात आणलं तरी मला तिला नापास करता येणार नाही. आठवीपर्यंत सगळ्यांनी वरच्या वर्गात जायचं, असा नियमच आहे.”

धुळाप्पा मटकन पहिल्या बाकावर बसले. पहिलीचा बाक तो. गुडघे हनुवटीला लागले.

“म्हंजी नापास व्हायची बी सोय न्हाय?”

“नाही.”

“आमच्या येळंला बरं हुतं. मास्तर माजं तोंड बगूनच नापास करायचं. पाटी बी बगत नव्हतं.”

त्यांच्या त्या बसण्याकडे बघताना मला जूनचा पहिला दिवस आठवला. आमची शाळा शुक्रवार पेठेतली, बोळाच्या तोंडाशी. छोटं पटांगण, त्यात एक लिंबाचं झाड, लोखंडी फाटक. पहिलीच्या पहिल्या दिवशी शाळेत जे काही चालतं त्याला मी इतकी वर्षं शिकवणंच म्हणत आले, पण खरं तर ती धरपकड असते. कुणी आईच्या साडीला लोंबकळतंय, कुणी फाटकाचे गज सोडत नाही. ऋतुजाने आजोबांचं धोतर धरलं होतं. धोतर सुटायच्या बेताला आलं तेव्हा तह झाला. “आप्पा हितं बसला तरच मी बशीन.” धुळाप्पा म्हणाले, “बसतो की. मला काय काम हाय?”

खरंच काही काम नव्हतं. जन्म मेंढरांमागं गेलेला, सांगोल्याकडच्या माळावर. मुलगा अजिनाथ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागला, सून पूनम घरीच टॉवेलच्या कडा शिवायला लागली, आणि मेंढरं विकून म्हातारा दोन खोल्यांत आला. आला तो काठी आणि घोंगडं घेऊन.

आठवड्याभरात ऋतुजाला मैत्रिणी मिळाल्या. दिवाळीनंतर तर ती खिडकीतून सरळ म्हणायला लागली, “आप्पा, तू जा की घरी! सगळी हसत्यात.” धुळाप्पा म्हणायचे, “जातो. जरा ऊन कलू दे.” पहिलीचा वर्ग सकाळचा.

ते गेले नाहीत. ऑफिसातली एक हात तुटलेली खुर्ची त्यांच्या नावानं खिडकीखाली पडली. हळूहळू वर्गाचा अर्धा कारभार खिडकीबाहेर गेला. कुणाची नाडी सुटली, कुणाचं केळं सोलायचं, की पोरं उठायची ती खिडकीकडं. हजेरी घेताना शेवटचं नाव झालं की सगळा वर्ग ओरडायचा, “आप्पा?” आणि बाहेरून घोगरा आवाज यायचा, “हाजर!” त्याशिवाय मला हजेरीपट मिटता यायचा नाही.

हे सगळं एकीलाच खुपायचं, ती म्हणजे आमची शिपाईण चंद्रव्वा. घंटा वाजवायचा मान तिचा. पण मधली सुट्टी संपली की तिची घंटा वाजून वाजून थकायची आणि पोरं लिंबाभोवतीच. मग धुळाप्पा ओठ दुमडून एक आवाज काढायचे, शीळही नाही आणि हाकही नाही, मधलंच काहीतरी. की पोरं माना खाली घालून एकामागं एक वर्गात.

“अय्यो, ही काय शाळा हाय का बाजार?” चंद्रव्वा माझ्याकडं तक्रार घेऊन यायची. “पोरास्नी मेंढरं करून ठेवलं की ओ ह्यानं!”

“तुज्या घंटीला येत न्हाईत त्याला मी काय करू?” धुळाप्पा बाहेरून म्हणायचे. “घंटी देवळातली हाय. पोरं हात जोडून हुबी ऱ्हात्यात.”

फेब्रुवारीत मात्र चंद्रव्वानंच त्यांना हाक मारली. लग्नसराई होती. मधल्या सुट्टीत बोळातून वरात निघाली. पुढं बँड, घोड्यावर नवरदेव. फाटक उघडं राहिलं होतं, आणि माझा अख्खा वर्ग बँडमागं चालता झाला. आमचे मुख्याध्यापक शिवानंद सर “थांबा, थांबा, रांग करा!” म्हणत धावले, आणि तिसऱ्या ढांगेला त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. मी पदर खोचून निघाले, तर घाटे सोनारांच्या दुकानापर्यंत पोचता पोचता मला धाप लागली. पुढं नुसते नाचणारे पाय आणि गुलाल.

“धुळाप्पाऽ! बगा की ओ, गेली की सगळी!” चंद्रव्वा ओरडली.

धुळाप्पा धावले नाहीत. बोळाच्या मध्ये जाऊन काठी आडवी धरून उभे राहिले आणि तोच आवाज काढला. एकदाच. बँडच्या ढोलातून तो कसा पोचला ठाऊक नाही. पण नाचणाऱ्या पायांमधून एक निळी चड्डी बाहेर आली, मग दोन, मग सगळीच. गुलालानं माखलेली पोरं मुकाट्यानं फाटकातून आत आली. धुळाप्पांनी काठीखालून एकेकाला सोडलं, ओठ हलवत मोजलं, आणि चिंताग्रस्त चेहऱ्यानं माझ्याकडं आले.

“बाई, एक जादा हाय.”

बघते तर रांगेत शेवटी जरीची शेरवानी आणि फेटा घातलेलं एक पोरगं, नाकातून शेंबूड, हातात लाडू. नवरदेवाचा भाचा. करमाळ्याहून आलेला. त्याला न्यायला सगळी वरात शाळेत आली, आणि नवरदेवानं घोड्यावरून उतरून आधी धुळाप्पांना नमस्कार केला. त्या दिवसानंतर चंद्रव्वा त्यांना स्वतःहून चहा द्यायला लागली. म्हणे उरलेला असतो.

असा हा माणूस आता माझ्यासमोर सहा वर्षांच्या मुलाच्या बाकावर गुडघे दुमडून बसला होता.

“खरं काय ते सांगा, धुळाप्पा,” मी म्हटलं.

त्यांनी भाकऱ्यांचं फडकं उगाच सोडलं, पुन्हा बांधलं.

“दुसरी वरल्या मजल्यावर हाय म्हनं. आन् दुपारची.”

“हो.”

“तितं खिडकीखाली बसाय जागा न्हाय. पोरगी बी नगं म्हनती. अजिनाथ म्हनतोय, आता शाळा झाली, तुमी गोदामावर वाचमन म्हनून बसा. रातपाळी.”

“मग चांगलंच आहे की. बसायचं तर काम.”

“काय चांगलं ओ, बाई?” धुळाप्पा एकदम तापले. “टावेल राकायचं? टावेल कुटं पळून जात्यात व्हय? कुलूप लावलेलं टावेल! एक इकडं तिकडं हुनार न्हाय, एक वरडनार न्हाय. त्येंच्यात मी काय बगायचं?”

मी पेनाला टोपण लावलं. मग ते हळूच म्हणाले, “तुमाला नव्या पोरांत मानूस लागंलच की. रुतुजा न्हाय तर न्हाय. तुमी सायबांस्नी सांगा.”

तेव्हा मला सांगावंच लागलं. “पुढच्या वर्षी मीही नाहीये, धुळाप्पा. मे महिन्यात मी रिटायर होते.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. भिंतीवरच्या फळ्याकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं.

“किती सालं पैलीत हुता तुमी?”

“चौतीस.”

“आन् आता काडलं व्हय?” ते म्हणाले. “म्हंजी तुमाला बी वरच्या वर्गात घातलं म्हना की.”

आम्ही दोघंही हसलो. मग मी त्यांची एक भाकरी मोडली, चटणी घेतली, आणि उन्हं उतरेपर्यंत आम्ही दोघं कडाकडा खात बसलो. तसा त्यांच्यासाठी मी शब्द टाकलाच. शिवानंद सर म्हणाले, “बाई, माणूस लाखाचा आहे. पण बसवू कोणत्या जागेवर? शाळेत धनगराचं पद नाही.” ते हसून म्हणाले, पण नंतर बराच वेळ आपल्या चपलेकडं बघत बसले.

एक मे. झेंडावंदन झालं, निकाल वाटले. ऋतुजा प्रगतिपत्रक नाचवत आली, “आप्पा, मी दुसरीत!” धुळाप्पांनी कागद उलटा धरून बघितला आणि म्हणाले, “बगू बगू. दोन मेंढ्या कुटं गेल्या त्ये लिवलंय का हितं?”

पालक पोरांना घेऊन निघाले तशी फाटकाशी एकच गर्दी झाली. गाड्या, आया, रिकामी दप्तरं. धुळाप्पा उठले, फाटकात जाऊन उभे राहिले आणि काठी आडवी धरली. कुणी सांगितलं नव्हतं. तरी सगळे थांबले. शर्टाला इस्त्री केलेले बापसुद्धा बाजूला झाले. एकेक पोर काठीखालून वाकून बाहेर पडलं, आणि धुळाप्पांचे ओठ हलत राहिले. ऋतुजा शेवटी गेली. बुटकी, तिला वाकायची गरज नव्हती, तरी वाकली.

माझं टेबल आवरून मी निघाले तेव्हा पटांगण रिकामं झालं होतं. चंद्रव्वा खडूचे डबे आत नेत होती. बाहेर अजिनाथ मोटारसायकल चालू करून उभा होता, ऋतुजा पेट्रोलच्या टाकीवर. धुळाप्पांची काठी तशीच आडवी. मला वाटलं, आता खाली घेतील. त्यांनी घेतली नाही. मग मीही पिशवी छातीशी धरली, कमरेत होईल तेवढी वाकले आणि काठीखालून बाहेर पडले.

“बाई,” धुळाप्पा मागून म्हणाले, “एक जादा हाय.”

“कोण?”

त्यांनी काठीचं टोक माझ्याकडं केलं.

मग वळून त्यांनी फाटक ओढलं, कडी घातली, आणि आत कुणीही नसताना दोनदा हलवून बघितली. मुंडासं नीट केलं. मोटारसायकलवर मुलामागं बसले, काठी मांडीवर आडवी घेऊन.

“चल रं,” ते म्हणाले. “टावेल वाट बगत आसत्याल.”