निळं बिलबुक

एका जागी बसणं मला कधी जमलं नाही. आमचे हे म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. असेल. घरातल्या एकाने ट्यूबला ठिगळ लावत तासन्‌तास बसायचं म्हटल्यावर दुसऱ्याला फिरावंच लागतं.

पुलाच्या तोंडाशी आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान. एकोणीस वर्षं. पलीकडे कारखाने, अलीकडे वस्ती, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ सायकलींची रीघ. पूल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि ती रीघ अशी आटली की दुकानात माशी शिरली तरी हे गिऱ्हाईक आल्यासारखे मान वर करून बघायचे. मग सरकारने जाहीर केलं, पुलामुळे ज्यांचा धंदा बसला त्यांना मदत मिळेल. धंदा दोन वर्षं जुना हवा. मी म्हटलं, दोन? आमची एकोणीस आहेत, घ्या मोजून!

कचेरीतली खिडकी नंबर चार एकट्याने धंदा करणाऱ्यांची. तिथला कारकून कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, “तुमची तर कंपनी आहे. खिडकी नऊवर जा.” नऊ नंबरवरची बाई म्हणाली, “कंपनी सात महिन्यांची आहे. दोन वर्षं कुठायत?” म्हणजे आम्ही धड इकडचे नाही, धड तिकडचे नाही. तोच माणूस, तोच पाना, तेच दुकान. पण सरकारदरबारी आम्ही सात महिन्यांचं बाळ.

आणि हे कंपनीचं खूळ कोणाचं? माझं. एका कुरियरवाल्याच्या तीस सायकलींचं काम येत होतं, पण तो फक्त कंपनीशीच करार करणार होता. मी यांच्या मागे लागून लागून कागद केले. मी आणि हे, दोघं डायरेक्टर. हे म्हणाले, “डायरेक्टर झालं की हात रोज धुवावे लागतात का?” कुरियरवाला तीन महिन्यांत गाशा गुंडाळून गेला. कंपनी तेवढी गळ्यात राहिली. जागेच्या मालकाने थकलेल्या भाड्यासाठी महिनाअखेरची मुदत दिली होती, नाहीतर किल्ली द्या म्हणाला. दुकान माझ्यामुळे जाणार, या विचाराने मी रात्री घरभर फेऱ्या मारायचे. यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचाच जास्त राग यायचा.

मी खिडकी नऊ सोडली नाही. पाचव्या खेपेला ती बाई कंटाळून म्हणाली, “एक कलम आहे बघा. जुना धंदा सगळाच्या सगळा कंपनीत आला असेल, आणि त्या दिवसापासून जुन्या नावाने एक पैशाचंही काम केलेलं नसेल, तर जुनी वर्षं धरतात. तपासनीस दुकानात येऊन खात्री करेल.”

“एक पैशाचंही नाही,” मी छातीठोकपणे सांगितलं. कंपनीच्या नावाचं नवं पिवळं बिलबुक मीच तर छापून आणलं होतं. यांना कलमबिलम काही सांगितलं नाही. कागद माझे आणि सायकली यांच्या, अशी आमची पहिल्यापासूनची वाटणी.

तपासनीस अकराला येणार होती. मी आठपासून झाडत होते, पुसत होते, पुसलेलं पुन्हा पुसत होते. हे कोपऱ्यावरच्या नळावर बादली भरायला गेले. टायरांचा ढीग सरकवला तर मागे खिळ्याला निळं बिलबुक लटकलेलं. जुनं, यांच्या एकट्याच्या नावाचं. सहज उघडलं आणि बघते तर काय? कंपनी झाल्यानंतरच्या तारखा! पंक्चर. पंक्चर. चेन. पंक्चर. यांच्या गोल गोल अक्षरात अकरा बिलं.

का, ते विचारायची गरजच नव्हती. हा माणूस फाटकी ट्यूब टाकत नाही, कापून तिचे रबरबँड करतो. जुन्या बुकात कोरी पानं असताना चिल्लर कामाला नवं कशाला फाडायचं, एवढाच विचार केला असणार. अहो, पण मला सांगायचं तरी!

तेवढ्यात दारात सायकल थांबली. तपासनीस, अर्धा तास आधीच. मी बुक स्टुलावर टाकलं, वर उशी ठेवली आणि तिच्यावर बसले.

तपासनीस म्हणजे आमच्या भाचीच्या वयाची पोरगी. कागद चाळायला लागली. हे बादली घेऊन आले आणि मला बसलेली बघून दचकले. “बरं नाही का गं?”

“बरी आहे. तुम्ही तुमचं काम करा.”

काम कुठलं असायला? तिच्याच सायकलीचा ब्रेक चिरकत होता, ते यांना बघवेना. न विचारता सायकल उलटी केली.

“जुना धंदा पूर्ण बंद झाला?” तिने विचारलं.

“पूर्ण.”

“त्यानंतर जुन्या नावाने काही बिल?”

“एकही नाही.” उशीखालचं बुक मला टोचत होतं.

तिने लिहिलं. खाली सही करायला पेन टेकवलं, आणि हे हात पुसत आत आले. “ब्रेकचे रबर बदललेत, मॅडम. बिल देतो.”

“राहू दे हो काका.”

“ऑफिसची सायकल ना? मग बिल लागेल तुम्हाला. आणि बिलाशिवाय मी काम करत नाही.” त्यांनी टायरांच्या मागे हात घातला. खिळा रिकामा. “अगं, निळं बुक कुठे गेलं?”

“पिवळ्यावर द्या ना.”

“एवढ्याशा रबराला पिवळं?”

पेन थांबलं. “निळं म्हणजे?” पोरीने विचारलं.

“जुनं काहीतरी. रद्दीत गेलं,” मी म्हटलं.

“रद्दीत?” यांचा चेहरा एवढासा झाला. “कोरी पानं होती त्यात.” आणि शोधायला लागले. डबे हलवले, फळ्या चाचपल्या. दुखरा गुडघा टेकून टेबलाखाली वाकले, तिथून रांगत मागच्या भिंतीपर्यंत गेले. “कालपर्यंत होतं गं इथे,” म्हणत राहिले. मी खोटं बोलले असेन, हे त्यांच्या मनातही आलं नाही. एकोणीस वर्षं ज्याने हे दुकान चालवलं, त्याला मी त्याच्याच दुकानात रांगायला लावत होते. मला ते बघवेना.

मी उठले. बुक काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी बारावं बिल फाडलं, नीट घडी घातली आणि तिला दिलं. तिने ते वाचलं, वरचं नाव वाचलं, तारीख वाचली. “काकू,” ती हळूच म्हणाली, “मला हे दिसलं नसतं तर बरं झालं असतं.” लिहिलेलं तिने खोडलं.

मदत तशी मिळाली. जुना धंदा चालू ठरला ना, मग खिडकी चारवरून मिळाली, पण जुन्या नावाच्या कमाईवर, म्हणजे त्या अकरा पंक्चर-चेनींच्या हिशोबाने. तेवढ्यात महिनाअखेरीला किल्ल्यांचा जुडगा द्यायला मालकाकडे जायचं रिक्षाभाडं सुटलं.

आता पूल उघडलाय आणि हे त्याच्या कठड्याशी अवजारांची पेटी घेऊन बसतात. एकटेच, पूर्वीसारखे. निळ्या बुकात बरीच पानं शिल्लक आहेत म्हणून खुशीत असतात. दुकानाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मी त्यांचा डबा घेऊन जाते, पुलावर येरझारा घालते आणि स्वतःवरच चडफडते. जन्मभर नुसती उठत राहिले. त्या दिवशी पाच मिनिटं बसून राहिले असते, तर दुकान राहिलं असतं.

परवा न राहवून यांना सगळं सांगितलं. उशीचंसुद्धा. त्यांनी हातातलं चाक एकदा फिरवून बघितलं. मग म्हणाले, “आणि मी शोधतच राहिलो असतो?”