बादलीत अडकलेली बादली

मी बादली बोलतेय. रंगानं हिरवी, कडीपाशी जराशी खरचटलेली, प्रताप नगरातल्या दादाजींच्या घरची. सध्या मागच्या अंगणात ओट्यावर एकटी बसले आहे आणि मला फार बरं वाटतंय. ज्याला आयुष्यात कधी कुणी दुसऱ्याच्या आत ठेचून बसवलं नाही, त्याला या सुखाची कल्पना यायची नाही.

माझा जन्म साच्यातला. वितळलेलं प्लास्टिक आत शिरलं, गार झालं आणि मी बाहेर पडले. बाळसं धरायला वेळ मिळाला नाही. लगेच बहिणींच्या चळतीत रवानगी झाली. कारखान्यातली माणसं दोघींच्या मध्ये कागदाची पट्टी घालायची. सख्ख्या बहिणींत कसला पडदा, म्हणून तेव्हा मला राग यायचा. अक्कल यायला पुढे एक लग्न पाहावं लागलं.

इतवारीच्या दुकानातून मला इंदूबाईंनी आणलं. इंदूबाई म्हणजे दादाजींच्या पत्नी. त्यांनी माझ्या बुडावर टिचक्या मारल्या, मला उजेडाकडे धरून पाहिलं, दुकानदाराला विचारलं, "हे मऊ तर नाही ना गा?" सून पाहतानाही त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती, असं घरी आल्यावर खुद्द सुनेच्याच तोंडून ऐकलं. सुनेचं नाव रीना.

घरात माझ्याआधीची एक निळी बादली होती. जाड, जुनी आणि अबोल. आम्ही दोघींनी मिळून मे महिन्यात कूलर भरले, आंबे भिजवले, चादरी भिजवल्या. बादलीचं काम पाणी भरणं, असं बादलीला वाटतं. माणसाला तसं वाटत नाही. तो तिला उलटी करून तिच्यावर चढतो आणि बल्ब बदलतो. खुर्ची कमी पडली की तो आधी शेजाऱ्याकडे बघतो आणि मग आमच्याकडे.

तर लग्न होतं मेघाचं, म्हणजे दादाजींच्या नातीचं. मुलगा कामठीचा. या घराची एक रीत आहे: लग्नाची बुद्धवंदना घरातल्या वडीलधाऱ्यानं घ्यायची. भन्तेजी आले तरी त्रिशरण-पंचशील आधी दादाजी म्हणणार आणि त्यांच्यामागून सगळे. स्वतःच्या मुलाच्या लग्नात त्यांनीच म्हटलं होतं. मेघा पाळण्यात होती तेव्हापासून, "हिच्या लग्नाची वंदना मीच घेईन," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आले होते.

लग्नाच्या आदल्या दुपारी दादाजी मागच्या अंगणात कवळी धुवत होते. फरशीवर पडून फुटू नये म्हणून ते ती नेहमी बादलीवर धरून धुवायचे. शहाणपणाची गोष्ट आहे. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "दादाजी, कन्हानचे पाहुणे आले!" त्यांनी कवळी निळीच्या तळाशी, ओंजळभर पाण्यात सोडली आणि तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले.

पाठोपाठ रीना आली. पाहुण्यांना बसायला जागा करायची होती. तिनं मला उचललं आणि ओलीच्या ओली निळीत ठेवलं. आत पाहिलं नाही, पाणी ओतलं नाही. एवढ्यावर भागलं असतं. पण कन्हानहून इंदूबाईंचे भाऊ ताराचंदमामा आले होते आणि खुर्च्या मांडवात गेल्या होत्या. मामांनी माझ्या तोंडावर पाट ठेवला आणि ते बसले.

मामांच्या वजनाबद्दल मी बोलणार नाही. ते पाहुणे होते. एवढंच सांगते की मी खाली गेले, मधली हवा बाहेर गेली आणि आमच्या दोघींच्या ओल्या अंगांनी एकमेकींना असं धरलं की विचारू नका. माझ्या बुडाखाली चार बोटं पोकळी उरली. तिच्यात दादाजींचे दात.

दादाजी परत आले. खालच्या बादलीत बघावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण खालच्या बादलीवर मी होते आणि माझ्यावर ताराचंदमामा. मेहुण्याला उठवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. "डबीत ठेवत जा, डबीत ठेवत जा," म्हणून इंदूबाई वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होत्या, त्यामुळे कारण सांगण्यासारखं नव्हतं. मामा चहाला उठले तेव्हा दादाजींनी मला ओढून पाहिलं. आम्ही दोघी एकदमच वर आलो. त्यांनी सुस्कारा सोडला. रीना पाणी न ओतता बादली ठेवणार नाही, असा त्यांचा सुनेवर पूर्ण विश्वास. म्हणजे दात पाण्याबरोबर नालीत गेले! ते काठी घेऊन नालीपाशी जाऊन उभे राहिले.

संध्याकाळभर दादाजी तोंडाला शेला लावून गप्प. माणसांना दुसऱ्याच्या गप्प राहण्याचा अर्थ लावायची भारी हौस. सगळ्यांनी ठरवलं, नात चालली म्हणून म्हाताऱ्याचा जीव कासावीस झाला. दोन बायांनी त्यांच्याकडे पाहून डोळेही पुसले.

"भाऊजी, पोरगी कामठीले चालली, अमेरिकेले नाही," मामा म्हणाले. "सकाळी गाडीत बसले तर दुपारच्या जेवणाले वापस याल."

दादाजींनी नुसतं पाहिलं. ते पाहणं दात असतानाच्या बोलण्यापेक्षा कडक होतं.

सकाळी मेघा त्यांना शोधत मागच्या अंगणात आली. हातभर मेंदी, अर्धे केस मोकळे. "दादाजी, काहून लपून राहिले? आज वंदना तुम्हीच घेणार ना?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"माझ्यावर रागावले?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. शेला बाजूला झाला आणि मेघाला सगळं दिसलं, म्हणजे काहीच दिसलं नाही. "भन्तेजी म्हणतील, बेटा," ते पुटपुटले. त्यातला निम्मा वाराच होता. "अशा तोंडानं ते शब्द मी उष्टावणार नाही."

मी तिथंच होते. सगळं मला माहीत होतं. पण बादलीनं ओरडायचं कसं?

तेवढ्यात रीनाला पाण्यासाठी बादल्या लागल्या. तिनं मला ओढलं, निघाले नाही. मामा मदतीला आले. त्यांनी निळी पायात धरली, रीनानं माझी कडी धरली आणि दोघांनी असा हिसका दिला की आम्ही दोघी गडगडत भिंतीपर्यंत गेलो. आत खुळखुळ वाजलं.

"आत काही वाजून राहिलं वं," मामा म्हणाले. "थांब, आरी आणतो. कापूनच टाकू."

"नको!" दादाजी धावलेच. "दात हायेत त्यात! माझे दात!"

मग इंदूबाई दारात. "बादलीत? डबी सोडून बादलीत?" त्यांनी रीनाकडे पाहिलं. "आन् तू वं? पाणी न ओतताच ठेवली?" रीनानं मामांकडे पाहिलं. मामांनी पाटाकडे पाहिलं. दोष असा हातोहात फिरून शेवटी लाकडावर गेला.

मामांनी आता उपाय हाती घेतला. आंघोळीचं कढत पाणी आणून त्यांनी माझ्यात ओतलं. मी फुगले. होती नव्हती ती फटही बंद झाली. मला वाटलं, संपलं. आता आरी येणार, माझे दोन तुकडे होणार आणि दातांचे किती, ते आरीच ठरवणार.

"उलटं करून राहिला तू ताराचंद!" इंदूबाई ओरडल्या. "पेल्यात पेला अडकला तर काय करतो आपण? आतल्याले थंड, बाहेरच्याले गरम!"

कढत पाणी गेलं. सरबतासाठी आणलेला सगळा बर्फ माझ्यात पडला. मी काकडले, आकसले. निळीला गरम पाण्याच्या परातीत उभं केलं. मेघानं मेंदीचे हात विसरून माझी कडी धरली आणि हळूहळू फिरवली. कुठून तरी हवेचा एक धागा आत शिरला. फुस्स! मी सुटले. इतक्या सहज की मेघा मला घेऊन मागे बसली आणि बर्फ तिच्या मांडीत सांडला.

निळीच्या तळाशी दात होते. अख्खे.

दादाजींनी ते धुतले. या वेळी बादलीवर नाही, इंदूबाईंच्या देखरेखीखाली.

मांडव मला दिसत नव्हता, पण ऐकू येत होतं. दादाजींचा आवाज आधी जरा थरथरला, मग मोकळा झाला. एकेक शब्द स्वच्छ, सावकाश, आणि त्यांच्यामागून सगळा मांडव. मेघाचा आवाज त्यात मला वेगळा ओळखू आला. सरबत कोमट प्यावं लागलं म्हणून त्या दिवशी कुणीही कुरकुर केली नाही, हे मांडववाल्यांच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं असेल.

तेव्हापासून आमच्या दोघींच्या मध्ये जुन्या लुगड्याची जाड चिंधी असते. ठेवण्याआधी आम्हाला पालथ्या घालून वाळवतात आणि वर कुणी बसत नाही. बुडाखाली हवा खेळते. चिंधीचा मला आता राग येत नाही.

तुमच्याकडेही आमच्या जातीच्या कुणी असतील. त्यांच्यामध्ये एक चिंधी घाला, कागदाची घडी घाला, काहीही घाला. आणि एकीत एक ठेवण्याआधी आत नजर टाका. माणसं बादलीत काय काय ठेवून विसरतात, ते सगळं काही मी सांगत नाही. मला अजून याच घरात राहायचं आहे.