ठिपकीच्या आंबोणाची बादली

मी एक जुनी बादली आहे, मित्रांनो. पत्र्याची, वर जस्ताचा मुलामा दिलेली. नवी होते तेव्हा अशी चकाकत असे, की दुकानातल्या घमेल्यांना मी खिजगणतीतही धरत नव्हते. तो तोरा फार टिकला नाही. एक सासूबाई आल्या, टिचकी मारून माझा आवाज ऐकला आणि मला शेळीच्या गोठ्यात नेऊन ठेवले.

तिथे माझे काम एकच. रोज संध्याकाळी सासूबाई माझ्यात भुसा, पेंड आणि पाणी कालवून आंबोण भिजत घालत. सकाळपर्यंत ते जरासे आंबट होई आणि ठिपकी शेळी ते चाटूनपुसून संपवी. अशी सात वर्षे गेली. माझा मुलामा विटला, तळाशी तांबूस डाग पडले. ठिपकीचे अंग मात्र तुकतुकीत.

मग घरात सून आली. मोठी मायाळू मुलगी, पण मला पाहून तिने नाक मुरडले.

"आई, यात खायला घालता तिला? गंज बघा की."

दुसऱ्याच दिवशी निळी प्लॅस्टिकची बादली आली आणि माझी रवानगी दाराबाहेर, फुटक्या विटांपाशी झाली. मला ते फार लागले.

काही महिन्यांत ठिपकीच्या डोळ्यांभोवती खपल्या धरल्या, केस झडले, पायांना भेगा पडल्या. "तेल कमी पडतंय अंगात," म्हणत सून आंबोणात जवसाचे तेल घालू लागली. तेल वाढत गेले, शेळी खंगत गेली. शेवटी जनावरांचा व्यापारी येऊन पाहून गेला. "महिन्याने येतो, तोवर ठरवा," म्हणाला. तो ठिपकीला कशासाठी नेणार, हे सगळ्यांनाच कळत होते. सून तोंड फिरवून उभी राहिली.

तिनेच मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावले. त्यांनी रक्त तपासायला नेले आणि चार दिवसांनी परत आल्या.

"तेल भरपूर आहे हो, जस्त नाही. खाल्लेल्या तेलातून कातडीला हवे ते स्निग्ध पदार्थ घडवायला शरीराला चिमूटभर जस्त लागतं. तुम्ही कापडाचं ठाण आणलंत, पण घरात सुईच नाही. आधी कशात खायची ही?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. बाईंनी माझ्या आतून हात फिरवला.

"आंबट पाण्यात हिचं जस्त थोडं थोडं उतरत असणार."

माझी छाती फुगली. निळीची आता गच्छंती, असे मी धरूनच चालले.

"पण हिच्यात पुन्हा घालू नका," बाई म्हणाल्या. "किती उतरेल याचा नेम नाही. जास्त झालं तरी बाधतं. मी मापाची भुकटी देते."

झाले, माझा तोरा उतरला.

"माझ्यामुळेच झालं सगळं," सून पुटपुटली.

"तुझ्यामुळे कसं गं? सात वर्षं मी कालवत होते, मला तरी कुठे ठाऊक होतं?" सासूबाई म्हणाल्या.

महिन्याने व्यापारी आला, तेव्हा ठिपकीच्या डोळ्यांभोवती मऊ लव उगवली होती. सुनेने त्याला चहा दिला आणि दोरीला हात लावू दिला नाही.

आता मी गोठ्यात खुंटीला असते. भुकटीचा डबा माझ्यात ठेवतात. मित्रांनो, जुनी वस्तू खुशाल बदला, पण टाकण्यापूर्वी ती गुपचूप काय देत होती, एवढे शोधा. तिला स्वतःला ते सांगता येईलच असे नाही. सात वर्षे मला वाटत होते, मी नुसती गंजते आहे.