बारा मणांची माची

मागल्या पावसाळ्यात परसाच्या पायऱ्यांवरून घसरल्यापासून धोंडूबाईनं परस सोडला होता. खुब्याचं हाड सांधलं, पण मनातली धास्ती जाईना. जिथं खाडीकडे तोंड करून तिनं उभा जन्म जवळा वाळवला, शेजारणींशी गप्पा मारल्या, तिकडे ती आता उंबऱ्याआडूनच बघायची.

तिचा मुलगा जयदेव अठ्ठावन्न साली बी.एस्सी. झाला आणि बेलापूरला घरी आला. आईचं हे अंधारात बसणं त्याला बघवेना. पायऱ्याच नकोत, उंबऱ्याच्या पातळीवर लाकडी माची बांधू, असं त्यानं ठरवलं. वहीत हिशेब मांडला: चौघी बायका, त्यांच्या पाट्या, मिळून सहा मण. सागाचे सहा खांब बुंध्याला डांबर फासून दोन-दोन हात पुरले, ओळंब्यात उभे केले. त्यांच्यावर दिवंगत वडिलांच्या जुन्या होडीच्या फळ्या ठोकल्या, कठडा केला. मग मिठागरातून दोन-दोन मणांच्या सहा गोण्या आणून माचीवर ठेवल्या. बारा मण, म्हणजे हिशेबाच्या दुप्पट. माची करकरलीसुद्धा नाही.

"आये, चल आता."

"आज तिथ कंची?"

"नवमी. का गं?"

"मंग भरती लंगडी हाय. पुनवेचं उधान जाऊ दे."

"पाणी फळ्यांना लागणार नाही, मी मोजलंय. आणि वजन तर तेवढंच राहणार!"

"वजन राहील रं. जमीन राहील का?"

परसातून चाललेली शेजारीण काशी हसली. "बी.एस्सी.ला तिथी शिकवत नाय वाटतं!"

जयदेवनं रागानं गोण्या तशाच ठेवल्या.

पुनवेला भर दुपारी खाडी कुंपणाला भिडली. परसात पाणी दिसत नव्हतं, पण जमीन खालून भिजून लोण्यासारखी झाली होती. जयदेवनं फळीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका टोकाला पळाला. खाडीकडचा कोपऱ्यातला खांब चार बोटं खचला होता. पडण्याआधी आई परसात नेमकी तिथंच बसायची.

"तुला कसं कळलं, आये?" त्याचा आवाज उतरला होता.

"चिखलात होडी उभी करताना तुजा बा टेकूखाली फली घालायचा. नायतर टेकू रुततो."

दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. परीक्षेत या सूत्राला त्याला पैकीच्या पैकी मार्क होते.

त्यानं माची उतरवली, खड्डे रुंद केले आणि प्रत्येक खांबाखाली हातभर रुंदीचा चिरा बसवला. अवसेच्या उधाणाला गोण्या पुन्हा चढल्या. तीन दिवस भरतीच्या वेळी तो पाणसळ लावत होता. बुडबुडा मधोमध. तरी आईला हाक मारायचं धाडस होईना. आणखी एक उधाण बघावं, असं त्याच्या मनात आलं.

मागे फळी वाजली. कठडा धरत धरत धोंडूबाई उंबऱ्याबाहेर आली होती. खाडीकडच्या कोपऱ्यापाशी येऊन ती थांबली.

"ही गोन उचल," ती म्हणाली. "माज्या जाग्यावर ठेवलीस."