आधीच मानलेले आभार

धाकट्या दिरांचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलीशी लागलं, त्या वर्षी माझ्या यजमानांच्या छातीने दगा दिला. ते बेकरीत भट्टीवर होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पीठ चाळलं, मळलं आणि पांढऱ्या भुवया घेऊन घरी आले. लग्नात सगळे विचारत होते, नवऱ्यामुलाचा थोरला भाऊ कुठे गेला? ते मांडवामागे भिंतीला टेकून श्वास गोळा करत होते.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. "पिठाची धूळ फुप्फुसात बसलीय. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते जपा. बेकरीचं तोंड पाहायचं नाही."

दीर लग्नानंतर वेगळे राहू लागले. घरात आम्ही तिघंच उरलो, यजमान, मी आणि सासूबाई. सासूबाईंनी आधीच एक मुलगा पुरला होता. मी शिवणाच्या कारखान्यात जायचे, तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका आळीपाळीने येऊन बसत. कोणी पाठ चोळून देई, कोणी वाफेचं पाणी तापवी. त्यांच्या जिवावर आमचं घर चाललं होतं.

आमच्या मंडळीत एक रीत होती. देवाकडून काही हवं असेल तर ते हातात पडायच्या आधीच उपासनेत उभं राहायचं आणि मिळालं असं समजून आभार मानायचे. एकदा आभार मानले की तीच गोष्ट पुन्हा मागायची नाही. मागितली तर तो अविश्वास. ज्यांना नोकरी लागली, मूल झालं, त्यांच्या साक्षी वर्षानुवर्षं सांगितल्या जात. ज्यांना काही मिळालं नाही, ते मागच्या बाकांवर गप्प बसत.

एका रविवारी सासूबाई उठल्या. मी हात धरला, तो त्यांनी झटकला. "प्रभूने माझ्या लेकाची छाती नवी केली. आभार!"

सगळी मंडळी आमेन म्हणाली. मी तेवढी म्हणाले नाही.

येताना रस्त्यात मी म्हणाले, "आई, त्यांना विचारलंत तरी का?"

"देवाशी बोलायला लेकाची परवानगी काढू?"

"काल जिना चढताना मध्येच बसले ते."

"तू डोळ्यांनी बघतेस, मी विश्वासाने बघते. तुझ्या असल्या जिभेमुळेच अडतं सगळं."

"बघा ना विश्वासाने. पण उद्या पाठ चोळायला कोण येणार, तेही बघून ठेवा."

कोणी आलं नाही. बऱ्या झालेल्या माणसाच्या उशाशी बसणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. बेकरीचा मालक मात्र आला. तो मंडळीत पुढच्या बाकावर बसणारा. हातात केक होता. "काय भट्टीवाले, अभिनंदन! सोमवारपासून या. तुमच्या जागी ठेवलाय तो गडी पाव भाजतो की विटा, तेच कळत नाही."

यजमान हसले. हसण्याचा खोकला झाला, तो थांबेपर्यंत मालक खिडकीबाहेर बघत राहिला. मग यजमान म्हणाले, "येतो."

मालक गेल्यावर मी दार लावून घेतलं. "वेड लागलंय का तुम्हाला?"

"अगं, आई देवाच्या घरात चारचौघांसमोर बोललीय. मी अंथरुणात पडून राहिलो तर तिने तोंड कुठे लपवायचं? तिच्याकडे तेवढंच उरलंय."

"आणि माझ्याकडे काय उरणार?"

त्यांनी कामाचा सदरा मागितला.

आठवडा संपायच्या आत पावाच्या हातगाडीवर आडवं घालून त्यांना घरी आणलं. ओठ निळे, अंगभर पीठ. सासूबाई ओल्या फडक्याने त्यांचं डोकं पुसत बसल्या. पुसून पुसूनही पांढरंच दिसत होतं. केसच पांढरे झाले होते, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी प्राणवायूचा सिलिंडर लावून दिला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता धाकट्या भावाला बोलावून घ्या.

मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, भेटायला आले. सासूबाईंनी त्यांना बसा म्हटलं नाही. "मी आभार मानले होते. मग दिलं का नाही त्याने? वादळ गप्प केलं, मेलेला उठवला. माझा तर अजून जिवंत आहे, काम सोपं होतं की!"

पाळकसाहेब उभ्यानेच बोलले. "आई, चमत्कार म्हणजे रस्त्यावरची पाटी. हा मुलूख कुणाचा, एवढं ती सांगते. अमुक वळणावर पाटी लावच, असा हुकूम आपल्याला त्याला सोडता येत नाही."

यजमानांनी तोंडावरचा प्राणवायूचा मास्क बाजूला केला. "मला बरेच दिवसांत पाटी दिसली नाही, पाळकसाहेब. गाव जवळ आलं म्हणायचं, की रस्ता चुकलो?"

पाळकसाहेबांना हसावं की रडावं कळेना. यजमान आईकडे वळले. "ज्याला प्रभूने कबरेतून हाक मारून उठवला, तोही पुढे मेलाच ना गं. त्याच्या बहिणींना दोनदा रडावं लागलं. तू एकदाच रड."

सासूबाईंनी पाळकसाहेबांना विचारलं, "पुन्हा मागू का मी?"

"तशी रीत नाही." मग खाली बघत ते हळूच म्हणाले, "पण रीत आपण घातलीय. त्याने नाही."

रविवारी दीर यजमानांजवळ बसले. मी जाणार नव्हते, पण यजमानांनीच मला पाठवलं. "तिला एकटीला उभी राहू देऊ नकोस."

सासूबाई बाकाची पाठ धरून उठल्या. "मी आभार मानले होते. मिळालं नाही. मालक तो आहे, मी नाही. त्याच्या हातातून ओढून घ्यायला निघाले होते मी. पण मी आई आहे. पुन्हा मागते. भीक मागते."

कोणी आमेन म्हणेना. बेकरीचा मालक आपल्या बुटांकडे बघत होता. मी उठले आणि आमेन म्हणाले, इतक्या जोरात की माझा आवाज मलाच परका वाटला. मग मागच्या बाकांवरून एकेक आवाज आला. पाळकसाहेबांचा सगळ्यांत शेवटी.

संध्याकाळी बायका आल्या. वाफेचा आता काही उपयोग नव्हता, तरी त्यांनी पाणी तापवलं, आणि यजमानांनी चोळायला पाठ पुढे केली.

वारा त्याचा, छातीही त्यानेच घडवलेली. मग एका श्वासाला आत जायला काय अडचण होती? हे मी त्याला अजून विचारते.

त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी, माझे यजमान आईच्या मांडीवर डोकं ठेवून गेले. सासूबाई त्याच वर्षी, दिरांना मुलगी व्हायच्या थोड्या आधी वारल्या.